अमेरिकेचा काटा भारताकडे की पाकिस्तानकडे? भाषणं सोडा, कलमं वाचा

गिरगावकर (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं गेलं. ३१ जुलैला पाकिस्तानशी व्यापार करार जाहीर झाला. ऑगस्ट संपता संपता भारतीय मालावर ५० टक्के आणि पाकिस्तानी मालावर १९ टक्के जादा आयातशुल्क अशी स्थिती आली. "अमेरिका फिरली" हे वाक्य तेव्हापासून सगळीकडे ऐकू येतंय. पण त्याच वर्षी जानेवारीत आपल्या ट्रॉम्बेचं बीएआरसी अमेरिकेच्या निर्बंध यादीतून निघालं आणि ३१ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या चौकटीवर भारत-अमेरिकेच्या सह्या झाल्या. मग फिरली म्हणजे नेमकी कुठे फिरली?

माझं म्हणणं असं, की वॉशिंग्टनचा कल ओळखायचा असेल तर कोण कोणासोबत जेवलं ते बाजूला ठेवावं. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लागू झालं, सूट कोणी दिली आणि ती किती काळासाठी, हे बघावं. १९५४ पासूनची बहुतेक वळणं अशी कागदावर सापडतात. आणि त्यांची कारणं बहुतेकदा दिल्ली-इस्लामाबादच्या बाहेरची असतात: आधी सोव्हिएत संघ, मग चीनशी जवळीक, मग अफगाणिस्तान, मग अल कायदा, मग पुन्हा चीन, पण या वेळी त्याला आवर घालण्यासाठी.

पहिला टप्पा थोडक्यात. १९ मे १९५४ ला अमेरिका-पाकिस्तान परस्पर संरक्षण साहाय्य करार झाला, त्याच वर्षी सीटो, पुढच्या वर्षी बगदाद करार (दोन्ही साम्यवादविरोधी लष्करी गट). अमेरिकेला पेशावरजवळ बडाबेरचं टेहळणी केंद्र मिळालं. १ मे १९६० ला सोव्हिएत हद्दीत पडलेलं यू-२ विमान पेशावरहूनच उडालं होतं. पाकिस्तानला पॅटन रणगाडे, एफ-८६ सेबर आणि एफ-१०४ लढाऊ विमानं मिळाली. १९६२ च्या चीन युद्धात केनेडींनी भारताला वाहतूक विमानं आणि पायदळाची शस्त्रं पाठवली, तेव्हा रावळपिंडीत संताप झाला.

मग सप्टेंबर १९६५. युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा बंद केला. कागदावर शिक्षा समान होती, पण पाकिस्तानचे रणगाडे, विमानं, तोफांचे सुटे भाग सगळे अमेरिकी, आणि भारताकडे ब्रिटिश, फ्रेंच, सोव्हिएत असा मिश्र साठा. त्यामुळे बंदीचा मार एकाच बाजूला बसला. पाकिस्तान टी-५९ रणगाडे आणि एफ-६ विमानांसाठी चीनकडे वळला तो तेव्हापासून. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हेच तपासा: निर्बंध दोघांवर सारखे असले तरी कोणाचं काय अडलं?

मालधक्का

गिरगावकर, शस्त्रांआधी गव्हाचा मुद्दा घ्यायला हवा. मुंबई बंदरात उतरणाऱ्या पीएल-४८० च्या (अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालच्या) गव्हामागचा सगळ्यात मोठा करार मे १९६० मध्ये वॉशिंग्टनला झाला. सही करणारे अन्नमंत्री म्हणजे मुंबईचे स. का. पाटील, समोर आयझेनहॉवर. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. पैसे डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायचे. ते भारतातच अमेरिकेच्या खात्यात जमा व्हायचे. ही रक्कम इतकी फुगली की फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश भारताला परत दिला.

कल बदलल्याचं दिसतं ते १९६५ मध्ये. एप्रिलमध्ये जॉन्सन यांनी अयुब खान आणि शास्त्री या दोघांचेही दौरे एकदम पुढे ढकलले. अयुब चीनच्या जवळ जात होते, आणि शास्त्रींना बोलावून अयुबना टाळलं तर फारच उघड दिसलं असतं. नंतर लांब मुदतीचे धान्य करार थांबवून गहू थोडा थोडा, महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्याने सोडायला सुरुवात झाली. प्रत्येक हप्ता राष्ट्राध्यक्ष स्वतः मंजूर करायचे. अटी दोन प्रकारच्या होत्या. शेतीवरचा खर्च वाढवा ही उघड अट. व्हिएतनामवर बोलू नका ही न लिहिलेली. १९६६ चा दुष्काळ डोक्यावर, ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन (डॉलरला ४.७६ वरून ७.५० रुपये), आणि जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवर जे संयुक्त पत्रक काढलं त्यावर वॉशिंग्टन चिडलं. गहू आला, पण ऐनवेळी. रेशनच्या दुकानातला साठा जहाजाच्या तारखेवर ठरत होता. हरित क्रांतीला दिल्लीत जी घाई झाली, तिच्या मुळाशी हा अपमान आहे असं माझं ठाम मत आहे.

डहाणू_लोकल

कलम वाचायचं तर तारापूरइतकं स्वच्छ उदाहरण नाही, आणि ते आपल्या पश्चिम रेल्वेवरच आहे.

ऑगस्ट १९६३ चा करार: जनरल इलेक्ट्रिकने दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या बांधायच्या, अमेरिकेने ३० वर्षं म्हणजे १९९३ पर्यंत समृद्ध युरेनियम पुरवायचं, आणि भारताने त्यात फक्त अमेरिकेचंच इंधन वापरायचं. ही शेवटची अट महत्त्वाची. वीज १९६९ मध्ये सुरू झाली. मे १९७४ मध्ये पोखरण. त्या स्फोटाचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं, तारापूरचं नव्हे. सायरस कॅनडाची आणि जड पाणी अमेरिकेचं. तरी फटका तारापूरला बसला, कारण १९७८ च्या अणुप्रसारबंदी कायद्याने नवी अट आणली: ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला मार्च १९८० नंतर इंधन नाही. आधी केलेल्या करारालाही ती लागू केली गेली.

१९८० मध्ये ३८ टन इंधनाचा अर्ज होता. अमेरिकी अणुनियामक आयोगाने तो एकमताने नाकारला. कार्टर यांनी तो फिरवून मंजुरी दिली, कारण अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या आणि भारताला पूर्ण दुखवणं नको होतं. प्रतिनिधिगृहाने विरोधात मत दिलं, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा फरकाने इंधन वाचलं. १९८२ मध्ये रेगन-इंदिरा भेटीत तोडगा निघाला: इंधन फ्रान्सने द्यायचं. पुढे चीन आणि रशियाकडूनही आलं. वापरलेलं इंधन मात्र तारापूरलाच साठत राहिलं, कारण त्यावर पुनर्प्रक्रिया करायला (म्हणजे त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढायला) अमेरिकेची संमती लागते की नाही यावर दोन्ही सरकारांचं कधी जमलं नाही.

२००८ च्या अणुकरारात खरी वाटाघाट पुनर्प्रक्रियेची संमती आणि अखंड इंधनपुरवठा या मुद्द्यांवर का अडली होती, ते तारापूर माहीत असल्याशिवाय कळत नाही.

ठाणे_एरो

पाकिस्तानच्या बाजूने याचं जुळं उदाहरण म्हणजे प्रेसलर दुरुस्ती. तपशिलात लिहितो, कारण यावर बरंच चुकीचं छापून येतं.

एप्रिल १९७९ मध्ये कार्टर सरकारने सिमिंग्टन दुरुस्तीखाली पाकिस्तानची मदत थांबवली. कारण कहुटाचा युरेनियम समृद्धीकरण प्रकल्प. डिसेंबरात सोव्हिएत फौजा काबूलमध्ये. कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले, झिया यांनी ते "शेंगदाणे" म्हणून झिडकारले. १९८१ मध्ये रेगन यांनी सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरची मदत आणि ४० एफ-१६ लढाऊ विमानांची विक्री मंजूर केली. कहुटा तसंच चालू होतं, फक्त सिमिंग्टनमधून सूट मिळाली.

१९८५ मध्ये प्रेसलर दुरुस्ती आली. ती पाकिस्तानला शिक्षा म्हणून आली असं समजलं जातं. तेव्हाचा हेतू उलट होता. याहून कडक प्रस्ताव रोखून मदत चालू ठेवायची होती. अट अशी: राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लेखी प्रमाणपत्र द्यायचं, की पाकिस्तानकडे अणुस्फोटक उपकरण नाही आणि ही मदत दिल्याने ते येण्याचा धोका बराच कमी होतो. अफगाण युद्ध चालू होतं तोवर दरवर्षी प्रमाणपत्र निघालं. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, ऑक्टोबर १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. कहुटात एका वर्षात असं काय बदललं होतं? बदललं होतं ते काबूल.

आता यात काय बिघडलं ते बघा. पाकिस्तानने आणखी एफ-१६ मागवली होती. त्यातली २८ तयार झाली आणि अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या डेव्हिस-माँथन तळावर उभी राहिली. त्यांचे सुमारे ६५.८ कोटी डॉलर पाकिस्तानने भरले होते. कायदा "हस्तांतर नाही" म्हणत होता. पैसे परत करण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं, आणि ते पैसे तर कारखान्याला गेलेले. म्हणजे विमानं नाहीत, पैसेही नाहीत. १९९५ च्या ब्राउन दुरुस्तीने ३६.८ कोटी डॉलरचं इतर साहित्य सुटलं, त्यात तीन पी-३सी टेहळणी विमानं होती. एफ-१६ अडकलीच. न्यूझीलंडला ती भाड्याने देण्याचा सौदाही नंतर मोडला. डिसेंबर १९९८ मध्ये तडजोड झाली: बरीचशी रक्कम रोख, उरलेली गव्हासकट मालाच्या रूपात. आठ वर्षं गेली, आणि त्या आठ वर्षांत एका पिढीच्या पाकिस्तानी अधिकाऱ्यांचं अमेरिकेतलं प्रशिक्षणही बंद होतं. याचे परिणाम पुढे दोन्ही बाजूंना भोगावे लागले.

नवा_वाचक

उत्तम धागा. एक शंका: "अमेरिकेने अमुक कोटींची शस्त्रं मंजूर केली" अशी बातमी येते, तेव्हा नक्की काय झालेलं असतं?

ठाणे_एरो

सरकार-ते-सरकार विक्रीचा क्रम असा. आधी घेणारा देश मागणीपत्र देतो. मग परराष्ट्र खात्याची छाननी, आणि प्रतिनिधिगृह व सिनेटच्या परराष्ट्र समित्यांकडे अनौपचारिक विचारणा. त्यानंतर शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याच्या कलम ३६(ब) खाली काँग्रेसला औपचारिक सूचना जाते. बातमी होते ती इथे. मुख्य शस्त्रसामग्री १.४ कोटी डॉलर किंवा एकूण व्यवहार ५ कोटी डॉलरच्या वर असेल तर सूचना सक्तीची. ती ३० दिवस काँग्रेससमोर राहते. नाटो देश आणि जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंड यांच्यासाठी १५ दिवस. भारत १५ च्या यादीत नाही, पाकिस्तानही नाही. मग देकारपत्रावर सह्या, पहिला हप्ता, कंपनीशी कंत्राट, काही वर्षांनी माल.

बातमीतला आकडा कमाल मर्यादेचा असतो, ती किंमत नसते. आणि खरी अडवणूक औपचारिक सूचनेआधीच होते. भारताच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनची सूचना १ फेब्रुवारी २०२४ ला ३९९ कोटी डॉलरची निघाली. त्याआधी सिनेटर बेन कार्डिन यांनी ती रोखून धरली होती, खलिस्तानवादी पन्नू यांच्या अमेरिकेतल्या हत्येच्या कटाच्या तपासाबद्दल आश्वासन मिळाल्यावर सोडली. सही ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली.

पाकिस्तानचं उदाहरण: फेब्रुवारी २०१६ मध्ये आठ एफ-१६ ची ६९.९ कोटी डॉलरची सूचना निघाली, ३० दिवसांत काँग्रेसने ती रोखली नाही. पण त्यातला मोठा वाटा अमेरिकी लष्करी अनुदानातून भरायचा होता, आणि सिनेटर बॉब कॉर्कर यांनी ते अनुदान अडवलं. पूर्ण पैसे स्वतः भरा म्हटल्यावर सौदा बारगळला. म्हणजे विक्रीला मंजुरी आणि पैशाला मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीदार त्या सर्रास एक करतात.

अनघा_द

सगळं पटतंय, पण १९७१ वगळून हा सिद्धांत उभा करता येणार नाही. तिथे कोणतं कलम होतं? जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले, याह्या खान मध्यस्थ होते, म्हणून ढाक्यातल्या कत्तलीकडे डोळेझाक झाली. ढाक्याचे अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिललाच निषेधाची तार पाठवली होती, त्यांची बदली झाली. डिसेंबरात एंटरप्राइज विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. हा निक्सन आणि किसिंजर या दोन माणसांचा निर्णय होता, कायद्याचा नव्हे. लाखो माणसं मेली तिथे कलमांची भाषा मला अपुरी वाटते.

गिरगावकर

अनघाताई, अपुरी आहेच. पण त्याच प्रकरणात कायद्याने काय अडवलं तेही बघा. १९६५ च्या बंदीमुळे अमेरिका पाकिस्तानला उघड लढाऊ विमानं देऊ शकत नव्हती. म्हणून जॉर्डनमधली एफ-१०४ तिकडे वळवण्याची खटपट झाली, आणि हे बेकायदा ठरेल हे परराष्ट्र खात्याने व्हाइट हाउसला स्पष्ट सांगितलं होतं. चोरून करावं लागलं म्हणून थोडंच करता आलं. सार्वजनिक भूमिका तटस्थ आणि बैठकांतली भूमिका "पाकिस्तानकडे झुका" ही तफावत जानेवारी १९७२ पर्यंत पत्रकार जॅक अँडरसन यांनी वृत्तपत्रात फोडली.

म्हणून माझ्या मांडणीत एक पोटनियम घालतो: कलम काँग्रेसचं आहे की आदेश राष्ट्राध्यक्षांचा, हे वेगळं धरायचं. काँग्रेसचा कायदा वर्षानुवर्षं बसतो, आदेश एका रात्रीत बदलतो. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर ग्लेन दुरुस्तीचे निर्बंध दोन्ही देशांवर आपोआप लागले, कारण कायद्यात राष्ट्राध्यक्षांना सूटच नव्हती. सूट देण्याचा अधिकार काँग्रेसने नंतर वेगळा दिला. तो हाती होता म्हणूनच २२ सप्टेंबर २००१ ला, जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी, धाकट्या बुश यांनी दोघांवरचे निर्बंध एकाच सहीने उठवले.

मालधक्का

२००१ नंतरचं पाकिस्तानचं खातं सगळ्यांनी नीट वाचायला हवं. "मदत" म्हणून जे आकडे येतात त्यातला फार मोठा भाग आघाडी साहाय्य निधीचा आहे, आणि तो मदत नव्हेच, बिलांची परतफेड आहे. पाकिस्तानी लष्कराने सीमाभागातल्या कारवायांचा अन्न, इंधन, दारूगोळा, वाहतूक असा दावा लावायचा, इस्लामाबादच्या दूतावासातल्या अमेरिकी लष्करी कार्यालयाने तो तपासायचा, मध्यवर्ती कमांडने शिफारस करायची, पेंटागॉनने पैसे सोडायचे. दोष तपासणीत होता. २००८ मध्ये अमेरिकेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने म्हटलं की अब्जावधी डॉलरच्या दाव्यांना पुरेसे कागद नाहीत. पुढे काँग्रेसने अट घातली: अफगाणिस्तानात अमेरिकी फौजांवर हल्ले करणाऱ्या हक्कानी गटावर कारवाई झाल्याचं संरक्षणमंत्र्यांनी प्रमाणित केलं तरच ठरावीक रक्कम सुटेल. २०१६ मध्ये अॅश कार्टर यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, ३० कोटी डॉलर अडकले. १९९० चीच पद्धत, फक्त कहुटाच्या जागी हक्कानी.

कोर्टनाका

२६/११ बाबतही तेच. हल्ल्याच्या जागांची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला भारतात का आणता आलं नाही आणि त्याचा साथीदार तहव्वूर राणाला का आणता आलं? मार्च २०१० च्या कबुली करारात हेडलीने सहकार्याच्या बदल्यात भारत, पाकिस्तान आणि डेन्मार्ककडे प्रत्यार्पण होणार नाही हे लिहून घेतलं होतं. म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्याची साक्ष व्हिडिओवरून झाली. राणाने असा करार केला नव्हता. शिकागोत २०११ मध्ये तो मुंबई कटाच्या आरोपातून सुटला, पण लष्कर-ए-तोयबाला मदत केल्याबद्दल दोषी ठरला. प्रत्यार्पणाला त्याचा मुख्य आक्षेप होता की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही. १९९७ चा करार गुन्ह्याचे घटक बघतो, आणि भारताने लावलेले कटाचे, बनावट कागदपत्रांचे आरोप वेगळे आहेत, असं अमेरिकी न्यायालयांनी धरलं. २१ जानेवारी २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, १० एप्रिलला तो भारतात आला. ज्या वर्षी "अमेरिका पाकिस्तानकडे गेली" म्हणतात त्याच वर्षी. जुलैमध्ये टीआरएफला (लष्कर-ए-तोयबाशी जोडलेल्या 'द रेझिस्टन्स फ्रंट'ला) दहशतवादी संघटना ठरवलं, आणि ऑगस्टमध्ये बलुच लिबरेशन आर्मीलाही. दोन्ही राजधान्यांना एकेक.

मरोळ_एमआयडीसी

सीप्झच्या आणि निर्यातीच्या लोकांसाठी २०२५ च्या शुल्काचं गणित देतो. भारतावरचे पहिले २५ टक्के ७ ऑगस्टपासून, रशियन तेलाचं कारण देऊन दुसरे २५ टक्के २७ ऑगस्टपासून. दोन्ही १९७७ च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याखालचे राष्ट्राध्यक्षांचे आदेश. हे मूळ शुल्काच्या वर लागत होते. सुती टेरी टॉवेलवर मूळ शुल्क ९.१ टक्के, म्हणजे तेव्हा सोलापूरच्या टॉवेलवर ५९.१ आणि कराची-फैसलाबादच्या टॉवेलवर २८.१. शंभर डॉलरच्या मालामागे ३१ डॉलरचा फरक. कोणताही कारखानदार हा फरक नफ्यातून भरून काढू शकत नाही. पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यांवर मूळ शुल्क शून्य होतं, तिथे थेट शून्याचे ५० झाले.

शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार. तो ते सवलत मागून इकडे ढकलतो, म्हणून आधी ऑर्डर थांबतात, मग कारागिरांचे तास कमी होतात. २७ ऑगस्टआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरआधी तिकडे सुटलेला माल दुसऱ्या २५ टक्क्यांतून वगळला होता, त्यामुळे न्हावा-शेवाची लदान तारीख निर्णायक ठरली.  आणि दुबईमार्गे पाठवा हा सल्ला धोक्याचा: मूळ देश ठरतो तो पैलू कुठे पाडले, दागिना कुठे घडला यावर, वाटेत माल कुठे थांबला यावर नाही. २०२५ च्या आदेशात मूळ देश लपवल्याचं ठरलं तर ४० टक्के शुल्काची वेगळी तरतूद होती.

माझगाव_डॉक

दुसरी बाजूही मुंबईतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये माझगाव डॉकचा अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार झाला. त्याला पाया २०१६ च्या रसदपुरवठा कराराचा. त्याने कोणालाही तळ मिळत नाही, प्रत्येक वेळी परवानगी लागते, इंधन-दुरुस्तीचा हिशेब नंतर चुकता होतो. मुनीर जेवायला गेले म्हणून यातलं काही रद्द झालेलं नाही.

नवा_वाचक

मग पुढे नक्की कुठे लक्ष ठेवायचं?

गिरगावकर

शस्त्रांसाठी अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळांवर कलम ३६(ब) च्या सूचना टाकलेल्या असतात. पाकिस्तानची असेल तर विमानं नवी आहेत की जुन्यांची देखभाल, आणि पैसे कोणाचे, एवढं आधी शोधा. सप्टेंबर २०२२ ची ४५ कोटी डॉलरची सूचना देखभालीची होती, एकही नवं विमान त्यात नव्हतं. शुल्कासाठी तिथल्या राजपत्रातला मूळ आदेश, जोडपत्रासकट. सवलतीच्या वस्तू जोडपत्रातच असतात. आणि वार्षिक संरक्षण अधिकार कायदा, जो बहुतेकदा डिसेंबरात सहीला जातो. त्याचा बारावा भाग परदेशांविषयी असतो, भारत-पाकिस्तानची कलमं तिथेच येतात.